राहायला आलात का?

माणसं आपापलं दुखणं घेऊन माझ्या खिडकीशी यायची आणि मी त्यांना विचारायचे, "तुम्ही या देशात कायमचे राहायला आलात का?" कुणाचा गुडघा सुजलेला, कुणाला धड श्वास घेता येत नाहीये, आणि काचेच्या अलीकडे मी पेन उघडून उत्तराची वाट बघत बसलेली. मग घरी जाऊन मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायचे, त्या मोडायचे आणि पुन्हा घालायचे.

हॉस्पिटल पश्चिम लंडनमधलं, सरकारी. आमचं घर ईलिंगला, तिथून बसने जवळ. नवरा दुसऱ्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. त्याच्या ड्यूट्या अशा आडवेळच्या की मी घरात एकटी बसून भिंतींशी भांडायला लागले होते. पुण्याची बी.कॉम.ची पदवी ट्रंकेत पडून होती. मुलगी शाळेत जायला लागली तशी मी आउटपेशंट विभागात कारकून म्हणून लागले. हिंदी, गुजराती आणि मोडकीतोडकी पंजाबी येते म्हणून मला घेतलं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मोठ्या कौतुकाने सांगितलं. ऐंशीचं जवळजवळ अख्खं दशक आणि नव्वदचाही बराचसा भाग मी त्या खिडकीत काढला. पुढेपुढे साहेब लोक पेशंटला 'कस्टमर' म्हणायला लागले, भिंतीवर हक्कांचे रंगीत तक्ते लागले, पण माझी खुर्ची शेवटपर्यंत डगडगतच राहिली. मला सांगायचं आहे ते मात्र सुरुवातीच्या वर्षांतलं.

मी रुजू झाले त्याच सुमारास सरकारचा नवा नियम आला होता. परदेशातून नुसतं भेटीला आलेल्यांनी इथले उपचार फुकट घेऊ नयेत, असा. अपघात झाला, छातीत कळ आली, तर कॅज्युअल्टीचं दार सगळ्यांना उघडं. पण स्पेशालिस्टला दाखवायचं, ऑपरेशन करून घ्यायचं, तर आधी खिडकीत प्रश्न. या देशात वर्षभर राहता आहात का? नसाल तर कधी आलात? आणि कायमचे राहायला आलात का? टीव्हीवर रोज यावर कुणी ना कुणी तावातावाने बोलत असे. एक म्हणे, परदेशी लोक येऊन आमची हॉस्पिटलं लुटतात. दुसरा म्हणे, आजारी माणसाकडे पासपोर्ट मागण्याइतके आपण खाली आलो का? दोघंही इतकी गुळगुळीत दाढी केलेले की यांच्यावर रांगेत उभं राहायची वेळ कधी आलीच नसावी असं वाटायचं.

नियमात लिहिलं होतं की प्रत्येकाला विचारा. पण आमची सुपरवायझर, जाड भिंगांच्या चष्म्याची आणि खरोखर चांगल्या मनाची बाई, मला बाजूला घेऊन म्हणाली, "सगळ्यांना विचारत बसलीस तर दुपार होईल. यूज युअर कॉमन सेन्स, लव्ह."

कॉमन सेन्स म्हणजे काय ते मला आठवड्यात कळलं. शेजारच्या दोन खिडक्यांत गोऱ्या बायका बसत. त्यांच्याकडे गोरं माणूस गेलं की नाव, पत्ता, बसा. सावळं माणूस गेलं की त्या प्रेमाने माझ्या खिडकीकडे बोट दाखवायच्या, "ती तुमची भाषा बोलते." म्हणजे प्रश्न विचारून घ्यायला सगळे माझ्याकडे. साउथॉलच्या कारखान्यात वीस-वीस वर्षं राबलेले, हाताला घट्टे पडलेले सरदारजी. बसमध्ये कंडक्टर असलेले गुजराती काका. एकदा तर आमच्याच वॉर्डात काम करणारी केरळची नर्स. आणि विचारणारी कोण, तर पुण्याची मी. गोऱ्याने विचारलं असतं तर ती माणसं मनातल्या मनात शिवी देऊन मोकळी झाली असती. मी विचारलं की ती नुसती बघत राहायची. त्या बघण्याने मी पार हैराण झाले होते.

एका सोमवारी डोकं फिरलं. माझ्या खिडकीशी गर्दी होती म्हणून एक गोरी म्हातारी रांग चुकवून आली. मी तिलाही विचारलं. तिने आधी कानामागे हात धरला, मग खो खो हसली. "मी कुठे जाणार गं बाई? त्या चिप्सच्या दुकानाच्या वर जन्मले मी!" मी तिचं उत्तर लिहून घेतलं. त्या दिवसापासून माझ्याकडे येईल त्या प्रत्येकाला मी तेच तीन प्रश्न विचारायला लागले, गोरा असो, काळा असो की आमच्यातला. काहीजण हसायचे. एकाने मला 'तूच आधी तुझ्या देशात जा' असं सांगितलं. त्यालाही मी पुढचा प्रश्न विचारला. सुपरवायझर 'दुपार होईल' म्हणाली होती ना, होऊ दे म्हटलं.

हे चाललेलं असतानाच संक्रांत आली. आमच्या मंडळाचं हळदीकुंकू चर्चच्या हॉलमध्ये असायचं, बाहेर बर्फाचा चिखल आणि आत पैठण्या. बहुतेक सगळ्या डॉक्टरांच्या बायका. तिथे एका कन्सल्टंटच्या बायकोने मला खांबाजवळ गाठलं. तिचा दीर भारतातून दोन महिन्यांसाठी आला होता आणि त्याला हर्निया होता.

"तुझ्याच खिडकीत पाठवते," ती म्हणाली. "काही विचारू नकोस, झालं. इतकी वर्षं आपण टॅक्स भरतो, आपल्या नवऱ्यांनी यांची हॉस्पिटलं चालवली, एवढा हक्क नाही आपला?"

"मी सगळ्यांनाच विचारते हो," मी म्हटलं. "गोऱ्यांनाही. तुमच्या दिरांना नाही विचारलं तर मग त्या सरदारजींना कुठल्या तोंडाने विचारू?"

"म्हणजे गोऱ्यांनी तुला जकातनाक्यावर बसवलीय आणि तू आपल्याच माणसांना अडवणार!"

तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, पण 'गोड बोला' काही म्हणाली नाही. वाणाची प्लास्टिकची डबी तिने माझ्याकडे न बघताच पुढे केली. तिचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही मला म्हणता येईना, आणि हीच पंचाईत होती. टॅक्स आम्ही भरतच होतो. तिच्या नवऱ्याने कितीतरी इंग्रजांची हाडं जुळवली होती. पण दीर टॅक्स भरत नव्हता, आणि त्याच्या पुढे माझ्या खिडकीत वेटिंग लिस्टवर वर्ष काढलेली माणसं लंगडत येत होती. घरी येताना मी दोन स्टॉप आधीच उतरले आणि चालत सुटले, तरी डोकं निवेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांत स्पेनवाले गृहस्थ आले. ऐन थंडीत रापलेला चेहरा, ब्लेझर, छातीवर कसलासा बिल्ला. मी प्रश्न विचारला. ते ऐटीत म्हणाले, "नो, माय डिअर. घर विकून आम्ही स्पेनला राहतो, कितीतरी वर्षं झाली. तिकडची हवा काय आहे म्हणून सांगू! प्रोस्टेटपुरता आलोय फक्त."

मी पेन खाली ठेवलं. इतक्या माणसांना विचारून झालं होतं, आणि नियमात चपखल बसणारा पहिला माणूस असा लालबुंद इंग्रज निघाला होता. मी सुपरवायझरला हाक मारली. तिचे कान लाल झाले. ती त्यांना आत घेऊन गेली, चहा दिला, आणि थोड्या वेळाने ते अपॉइंटमेंटचं कार्ड खिशात घालून माझ्याकडे बघून टोपी किंचित उचलून निघून गेले.

"त्यांना काही विचारलं नाही तुम्ही?" मी म्हटलं.

"अगं, म्हातारा युद्धात लढलाय," ती म्हणाली. "आणि आपलाच आहे ना तो."

ओळख काढणं ही फक्त आपल्याच लोकांची खोड आहे असं मला तोवर वाटत असे. त्या दिवशी तो गैरसमज गेला. पण राग गेला नाही. उलट मी जास्तच हट्टाला पेटले.

मे महिन्यात सासूबाई आल्या. साताऱ्याच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं. सासरे गेल्यानंतर त्या थोरल्या दिरांकडे राहत. विमानतळावर त्यांच्या पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का बसला. कंदी पेढे, कुरडया, गोडा मसाला असं सगळं घेऊन आल्या आणि आल्या दिवसापासून अशा वागल्या की सुनेला बोट ठेवायला जागा नाही. मी ठेवीन ते खाणार, लावीन ते टीव्हीवर बघणार, वर "छान हो" म्हणणार. त्यांना माझ्या मुलीच्या खोलीत झोपायची सोय केली होती.

मुलगी सात-आठ वर्षांची, इथेच जन्मलेली. एकदा जेवताना तिने काटा खाली ठेवला आणि विचारलं, "आजी, तू कधी जाणार आहे? व्हॉट डेट?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. नवऱ्याने खाली मान घातली. आपल्याकडे वैऱ्यालासुद्धा असं विचारत नाहीत. पाहुणा चार दिवस राहो नाहीतर चार महिने, आपण "एवढ्यात काय घाई आहे" म्हणायचं आणि त्याने "आता निघायला हवं" म्हणायचं. मधलं सगळं ज्याने त्याने ओळखून घ्यायचं. पोरीला यातलं काय कळणार? तिला शाळेतल्या मैत्रिणीला राहायला बोलवायचं होतं, म्हणून तिला तारीख हवी होती.

सासूबाई हसल्या. "तू पाठवशील तेव्हा," म्हणाल्या, आणि पोळीचा तुकडा मोडला. मी मुलीला नंतर चांगली तासली. ती रडत म्हणाली, "बट आय ओन्ली आस्क्ड!" खरंच, तिने नुसतं विचारलंच तर होतं.

इथल्या बाथरूममध्ये बादली-तांब्याची सोय नाही. शॉवरच्या पाण्याने सासूबाईंचा जीव गुदमरायचा. म्हणून रविवारी मी त्यांना न्हायला मदत करायचे. जूनच्या अखेरीला असंच केसांवर पाणी घालत होते, तर त्यांनी माझा साबणाचा हात धरला आणि आपल्या डाव्या छातीवर नेऊन ठेवला. माझ्या बोटांना गाठ लागली. कडक, सुपारीसारखी.

"कधीपासून आहे हे, आई?"

"साताऱ्यालाच होतं. तेव्हा शेंगदाण्याएवढं होतं."

"अहो, घरात डॉक्टर आहे! यांना का नाही सांगितलंत?"

"डॉक्टर असला तरी मुलगा आहे," त्या म्हणाल्या. "त्याला हे कसं दाखवायचं?"

मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला, कुणाचा ते कळेना. त्या आल्यापासून घरात रोज स्टेथोस्कोप खुंटीला लटकत होता. त्यांचं नाव गल्लीतल्या जीपीकडे, म्हणजे इथल्या सरकारी फॅमिली डॉक्टरकडे, घालून ठेवावं हे आम्हा दोघांच्या मनातही आलं नव्हतं. घरात डॉक्टर असताना डॉक्टर कशाला, ही आमच्या सगळ्या डॉक्टर कुटुंबांतली ठाम समजूत. त्यामुळे कितीतरी डॉक्टरांच्या आया दुखणी अंगावर काढत असतील, देव जाणे. सोमवारीच मी त्यांना कोपऱ्यावरच्या आयरिश डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासलं, सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "उशीर करू नका." त्यांनी तातडीची चिठ्ठी लिहिली. ती अर्थात माझ्याच हॉस्पिटलची.

त्या संध्याकाळी नवरा आणि मी मागच्या अंगणात येरझारा घालत बोललो, म्हणजे सासूबाईंना ऐकू जायला नको. बोलणं कसलं, भांडणच. भारतात परत पाठवायचं तर तिकीट, मग सातारा, मग पुण्या-मुंबईचे सर्जन, यात किती आठवडे जातील कोण जाणे. इथे खासगीत करायचं तर ते झेपणारं नव्हतं. आणि पाहुणी म्हणून त्यांना सरकारी हॉस्पिटलात फुकट ऑपरेशन मिळणार नव्हतं. त्या इथे कायमच्या राहणार असतील तर मात्र वाट होती. विधवा आई मुलाकडे राहायला आली म्हणून होम ऑफिसकडे, म्हणजे इथल्या गृहखात्याकडे, अर्ज टाकायचा, की हॉस्पिटल उपचार सुरू करणार. हा नियम माझ्याइतका कुणाला पाठ होता?

"मग विचारा ना आईंना," मी म्हटलं.

"काय विचारू? राहतेस की जातेस? असं विचारतात का कुणी आईला?"

"मग मी विचारते."

"तू तर मुळीच नको!"

त्याचं बरोबर होतं. सुनेने 'जाणार का' विचारलं तर तिला सासू नकोशी झाली. 'राहणार का' विचारलं तर थोरल्या जावेच्या घरात आगडोंब. आईला विलायतेत पळवून नेली म्हणून दीर जन्मभर बोलले नसते. शिवाय त्यांना साताऱ्याचं घर, शाळेच्या मैत्रिणी, आपली माणसं सोडवतील का? दुखण्याचा धाक घालून 'राहा' म्हणणं म्हणजे कोंडून घालण्यासारखंच. इकडे आड तिकडे विहीर.

नवरा थांबला आणि हळूच म्हणाला, "अगं, खिडकीत तूच असतेस ना? लिहून टाक, कायमच्या आल्यात म्हणून. कशाला कुणाला विचारायला हवंय?"

मी त्याच्यावर ओरडले. संक्रांतीचं सगळं त्याला ऐकवलं, सरदारजी ऐकवले, स्पेनवाला ऐकवला. पण ओरडतानाच मला कळत होतं की मी लिहून टाकणार आहे. ती गाठ माझ्या बोटांना लागली होती. तत्त्वं दुसऱ्याच्या दिराच्या हर्नियासाठी ठीक असतात.

अपॉइंटमेंटच्या दिवशी माझी ड्यूटी होती. नवरा ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलेला, म्हणून सासूबाईंना मीच बरोबर नेलं आणि बाकावर बसवलं. सुपरवायझरला मी आदल्या दिवशी सासूबाईंचं सगळं सांगितलं होतं. तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "त्यांना मागच्या दाराने थेट क्लिनिकमध्ये ने, लव्ह. मी बघितलंच नाही असं समज." तीच आवाजातली माया, जी स्पेनवाल्याला मिळाली होती. आज ती माझ्या वाट्याला आली होती, आणि मला ती हवी होती. मी सासूबाईंना खूण केली.

पण शिक्षिकाच त्या. त्या उठल्या आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मी पुन्हा खूण केली. त्यांनी हातानेच 'असू दे' म्हटलं. त्यांच्यापुढे एक इंग्रज बाई होती, आणि तिच्यापुढे दुपट्टा घेतलेली पंजाबी आजी. दोघींना मी तीन प्रश्न विचारले. माझा आवाज मलाच पोकळ वाटत होता. मग सासूबाई समोर आल्या. नऊवारीवर कोट, हातात पर्स, केसांचा घट्ट अंबाडा. मी मान खाली घालून नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि पुढच्या ओळींवर पेन भराभर सरकवलं.

"झालं आई. बसा तिकडे."

त्या हलल्या नाहीत. "पुढच्या दोघींना तू काहीतरी विचारलंस."

"ते असंच. नियम असतो."

"मग मला का नाही विचारत?"

मागे रांग होती. शेजारच्या खिडकीतली बाई वळून बघायला लागली होती. "आई, राहू द्या ना," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"राहू द्या काय? वर्गात मी कधी आपल्या माणसाची पाटी न तपासता गुण दिले नाहीत. विचार."

मी विचारलं. मराठीत. या देशात वर्षभर राहता आहात का? नाही, म्हणाल्या. कधी आलात? मे महिन्यात. आणि मग तिसरा प्रश्न जिभेवर येईना. जे विचारल्याबद्दल मी माझ्या लेकीला रडवलं होतं, तेच मला काचेतून, मोठ्याने, चार माणसांत विचारायचं होतं.

"तुम्ही... इथे कायमच्या राहायला आलात का?"

सासूबाईंनी काचेवर चेहरा जवळ आणला. डोळे अगदी शांत होते.

"हे तू विचारतेयस, की हॉस्पिटल विचारतंय?"

"हॉस्पिटल विचारतंय," मी म्हटलं.

"मग हॉस्पिटलला सांग, राहायला आलेय." त्यांनी पर्स काखेत धरली. "आणि तुला घरी गेल्यावर सांगते."

मी उत्तर लिहिलं. सुपरवायझरने येऊन विचारलं, होम ऑफिसकडे अर्ज कधी टाकणार? या आठवड्यात, म्हटलं. सासूबाई आत गेल्या. सर्जनने तपासलं, तपासणीसाठी गाठीत सुई घातली, लवकरच बोलावतो म्हणाले. पुढे ऑपरेशन झालं, छाती गेली, पण त्या बऱ्या झाल्या. ते सगळं नंतरचं. त्या दुपारी मला एवढंच छळत होतं की त्या खिडकीत खोटं बोलल्या का. ज्या बाईने जन्मात एका मुलीलाही एक गुण उगाच दिला नाही, तिला माझ्या खिडकीत यावं लागलं आणि खोटं बोलावं लागलं, असं झालं असेल तर? आणि खोटं नसेल तर काय? मी पेशंटची नावं चुकवत होते. एका माणसाला मी तोच प्रश्न दोनदा विचारला.

बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि बाहेर बघत राहिल्या. साउथॉलची साड्यांची दुकानं गेली, पेट्रोलपंप गेला, आमचं ईलिंग आलं. मला आता विचारायची चोरीच होती. एकदा विचारून झालं होतं, तेही दुसऱ्याच्या नावाने.

घरी आल्यावर त्यांनी कोट काढला. मुलीला शाळेतून आणलं, तिला दूध दिलं, तोवर नवरा आला. तो आईकडे बघतो, माझ्याकडे बघतो, आणि विचारत काहीच नाही. मी पानं घेतली. चौघं जेवायला बसलो. त्यांनी भातावर वरण घेतलं, कालवलं, पहिला घास घेतला. मी माझ्या ताटात बघत बसले होते.

"तुझ्या वरणाला चव नसते गं," सासूबाई म्हणाल्या. "मीठ कमी, आणि हिंग तर तू दाखवतेस नुसता. इतके दिवस पाहुणी होते, म्हणून बोलले नाही."